विश्वस्त म्हणजे मालक नव्हे : तंजावरच्या ग्रंथालयाचा धडा

तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय कोणाचे, असे विचारले तर महाराष्ट्राबाहेरचा मराठी माणूस अभिमानाने ‘सरफोजीराजांचे’ असे उत्तर देईल. भावनेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. कायद्याने मात्र या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली. ती क्रमाने पाहिली म्हणजे ‘विश्वस्त’ या शब्दाचा अर्थ उलगडतो, असे मला वाटते.

दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) हा संग्रह मोठ्या आस्थेने वाढवला. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये औरस पुत्राविना निवर्तले, तेव्हा कंपनी सरकारने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दाद मागितली व मद्रासच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. परंतु ही जप्ती राज्यसत्तेची कृती असल्याने तिच्यावर न्यायालयाचा अधिकार चालत नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये दिला. पुढे १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता राण्यांकडे सोपवली. म्हणजे तोवर प्रश्न एवढाच होता, की मालक राजघराणे की सरकार?

१९१८ मध्ये तिसरे उत्तर मिळाले. राजघराण्यातील वारसांनी ग्रंथालयावरील हक्क सोडून ते जनतेस अर्पण केले आणि देखभालीसाठी एक लाख रुपये बाजूला काढून दिले. मद्रास सरकारने १८९० च्या धर्मादाय निधी कायद्यानुसार ते ताब्यात घेऊन व्यवस्थापनाची योजना तयार केली. या कायद्याची रचना मार्मिक आहे. मालमत्ता सरकारी कोषपालाच्या नावे निहित होऊ शकते, पण त्या नात्याने त्याने कारभार पाहायचा नाही. कारभार योजनेत नेमलेल्यांनी पाहायचा. ज्याच्या नावावर मालमत्ता आहे त्याला ती वापरता येत नाही, आणि जो ती सांभाळतो त्याला ती आपली म्हणता येत नाही. व्यवस्थापनाचे स्वरूप पुढे बदलले, तरी हे तत्त्व जुने झालेले नाही.

विश्वस्तपणाचे मूळ व्याकरण १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमात सापडते. न्यास निर्माण करणारा, विश्वस्त आणि लाभार्थी अशी त्यात तीन नाती आहेत. हा कायदा खासगी न्यासांपुरता आहे. सार्वजनिक धर्मादाय संस्था त्याच्या कक्षेबाहेर आहेत. तथापि त्यातील तत्त्वे न्यायालये सार्वजनिक संस्थांच्या बाबतीतही मार्गदर्शक मानत आली आहेत. सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या मालमत्तेची घेतो तेवढी काळजी विश्वस्ताने घ्यावी. हिशेब स्पष्ट ठेवावा व लाभार्थ्याने मागितल्यास दाखवावा. न्यासाच्या मालमत्तेतून स्वतःचा फायदा करू नये. आपले कर्तव्य दुसऱ्यावर सहसा सोपवू नये. विश्वस्त अनेक असतील तर सर्वसाधारणपणे सर्वांनी मिळून निर्णय घ्यावेत. न्यासाचा भंग होऊन नुकसान झाले तर ते विश्वस्ताला स्वतः भरून द्यावे लागते.

परमुलखातल्या मराठी संस्थांच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. अनेक राज्यांत अशी सर्वसमावेशक यंत्रणा नाही. तेथे सार्वजनिक न्यासात गैरकारभार झाला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ चा आधार उरतो : महाधिवक्ता, अथवा न्यायालयाच्या परवानगीने न्यासाशी हितसंबंध असलेल्या दोन वा अधिक व्यक्ती दावा लावू शकतात. हा मार्ग खर्चाचा आणि वेळखाऊ आहे. म्हणून मंडळाची इमारत, गणेशोत्सवाचा निधी, वाचनालयाची पुस्तके यांचे खरे रक्षण दप्तरातच होते. जागा संस्थेसाठी घेतलेली असूनही खरेदीखतात ‘विश्वस्त या नात्याने’ हे शब्द नसले, तर पुढल्या पिढीत वारस आणि सभासद समोरासमोर उभे राहतात. त्या वेळी मूळ हेतू सांगणारे कोणी हयात नसते.

तंजावरच्या वारसांनी हक्क सोडताना हेतू, निधी आणि व्यवस्था या तिन्हींची तजवीज झाली, म्हणून ते दान टिकले. आपल्या मंडळाचे खरेदीखत, घटना आणि गेल्या वर्षीचा हिशेब हे तीन कागद प्रत्येक सभासदाने एकदा तरी पाहावेत, असे मी आग्रहाने सुचवीन.