अवताराचा शोध

संगणकावर एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांस चार दशकांहून अधिक इतिहास आहे. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा मेजाभोवती बसून, फासे टाकून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध झाला. त्याच्या छंदातून रिचर्ड गॅरियट या तरुणाने १९८१ मध्ये संगणकासाठी ‘अल्टिमा’ रचला. तेव्हा त्याने नुकतीच विशी गाठली होती, आणि खेळही त्या वयास साजेसाच होता. बळ वाढवावे, शस्त्रे जमवावी, शेवटी दुष्ट मांत्रिकाचा वध करावा. वाटेत चोरी केली, तरी पकडले न गेल्यास जाब विचारणारे कोणी नसे.

पुढे खेळाडूंची पत्रे वाचताना, विजयासाठी लोक खेळातील निरपराध ग्रामस्थांनाही मारतात, हे त्याच्या ध्यानी आले. १९८५ च्या चौथ्या ‘अल्टिमा’तून त्याने वध करावयाचा खलनायकच काढून टाकला. प्रामाणिकपणा, करुणा, न्याय, विनय इत्यादी आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हावे, हे त्यातील साध्य. हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलेला.

त्या खेळात मंत्रासाठी लागणारी द्रव्ये विकणारी एक अंध स्त्री भेटते. ती किंमत सांगते. नाणी किती ठेवावयाची, ते खेळाडूने ठरवावयाचे. कमी ठेवली तरी व्यवहार पुरा होतो. नोंद मात्र राहते.

महाविद्यालयात असताना मित्राच्या संगणकावर मी तिला दर खेपेस एकच नाणे देत असे, आणि ते मला चातुर्य वाटे. परवा, चाळिशी उलटल्यावर, घरची मंडळी निजल्यावर तोच खेळ पुन्हा मांडला. मधल्या वर्षांत कागदावर काय लिहिले आहे हे न वाचताच, माझ्या शब्दावर विसंबून अंगठा उठविणारी किती तरी माणसे मेजासमोर उभी राहून गेली होती. एकाचा आकडा उमटविताना बोट अडखळले. मी पूर्ण रक्कम भरली.

तरुणपणी खेळाने बळ द्यावे, ही अपेक्षा असते. थोडाबहुत अधिकार खरोखरच हाती आल्यावर त्या लटक्या बळाची हौस ओसरते. आपण कसे वागतो, ते खेळाने दाखवावे असे वाटू लागते. २०१९ च्या ‘डिस्को एलिसियम’चा नायक तर स्मृती हरपलेला, मध्यमवयीन पोलीस आहे, आणि त्याचे मुख्य काम बोलणे व ऐकणे हेच.

खेळात त्या बाईचे देणे पुढच्या खेपेस चुकविता येते. कचेरीतून परतलेला माणूस मात्र पुन्हा येईलच, असे नाही.