मुखवट्याची झिलई

रंगभूमीवर भय निर्माण करणे तितकेसे कठीण नाही. कठीण आहे ते टिकवणे. पहिल्या रात्री ज्या राक्षसाला पाहून मूल आईच्या पदराआड दडते, त्याच राक्षसाच्या प्रवेशाला दहाव्या रात्री ते टाळ्या पिटते. ओळखीच्या विनोदाला पुन्हा हसता येते, ओळखीच्या करुण प्रसंगाने पुन्हा डोळे पाणावतात. पण ओळखीचे भय हे भयच राहत नाही. मग ज्या कलावंताने आपली सारी कीर्ती भयावर उभारली, त्याने वय वाढल्यावर करावे काय? अमेरिकन गायक ॲलिस कूपर यांच्यापुढे हा प्रश्न उभा राहिला, आणि १९८९ मध्ये निघालेला ‘ट्रॅश’ हा अल्बम हे त्यांनी त्याला दिलेले उत्तर होय.

कूपर यांचे मूळ नाव व्हिन्सेंट फर्निअर. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी डेट्रॉइट येथे त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक, बालपणाचा मोठा भाग ॲरिझोनातील फिनिक्स शहरी गेला. तेथे शाळेतील मित्रांनी मिळून गंमत म्हणून बीटल्सची नक्कल केली, आणि त्या गमतीतून वाद्यवृंद उभा राहिला. ग्लेन बक्स्टन, मायकेल ब्रूस, डेनिस डनवे, नील स्मिथ आणि फर्निअर असे हे पाच जण. ‘ॲलिस कूपर’ हे साध्याभोळ्या बाईचे वाटणारे नाव प्रथम या पाचांचे मिळून होते. पुढे ते एकट्या गायकाला चिकटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

काजळाने माखलेले डोळे, गळ्यात अजगर, रंगमंचावर वधस्तंभ, विजेची खुर्ची आणि पुढे शिरच्छेदाचे यंत्र असा त्यांचा थाट असे. दुष्टाने दुष्टपणा करावा आणि प्रयोग संपण्यापूर्वी त्याला देहदंड व्हावा, अशी त्या नाट्याची रचना होती. धर्मोपदेशकाच्या मुलाने रचलेले ते एक प्रकारचे नीतिनाट्यच होते. तथापि या देखाव्याच्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. निर्माते बॉब एझ्रिन यांच्या हाताखाली या पाचांनी केलेली गाणी भक्कम होती. ना धड मूल, ना धड पुरुष अशा अठराव्या वर्षाची घालमेल, शाळेची शेवटची घंटा वाजल्यावरचा उन्माद असे त्यांचे विषय खरेखुरे होते.

१९७२ मध्ये ‘स्कूल्स आउट’ हे गीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले. नीतिरक्षणाच्या चळवळीतील मेरी व्हाइटहाउस यांनी बीबीसीकडे त्याविरुद्ध तक्रार केली. पुढच्या वर्षी लिओ ॲब्स या संसदसदस्यांनी तर कूपर यांना देशात प्रवेशच देऊ नये, अशी मागणी केली. त्याच १९७३ साली ‘बिलियन डॉलर बेबीज’ हा अल्बम अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत अग्रस्थानी गेला. निषेध आणि खप हातात हात घालून चालत होते.

त्यानंतर उतार लागला. पाचांचा संच फुटला. १९७५ च्या ‘वेलकम टू माय नाइटमेअर’ने एकट्या कूपरना यश दिले खरे, पण मद्याने त्यांचा ताबा घेतला होता. १९७७ मध्ये ते उपचारासाठी रुग्णालयात राहिले. तरी व्यसनाने पुन्हा डोके वर काढले. १९८० नंतरचे त्यांचे अल्बम फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रण स्वतः आपल्यालाही आठवत नाही, असे त्यांनी पुढे सांगितले. व्यसनमुक्त होऊन १९८६ मध्ये ते परतले, तेव्हा जग बदललेले होते. रंगवलेले चेहरे आणि हेवी मेटलचा कर्कश गजर दूरचित्रवाणीवर रोजचा झाला होता. शिष्यांच्या गर्दीत गुरूला कोणी ओळखेना.

अशा वेळी कूपर यांनी डेस्मंड चाइल्ड यांना गाठले. बॉन जोव्ही आणि एरोस्मिथ या वाद्यवृंदांच्या गाजलेल्या गीतांमागे या गीतकाराचा हात होता. त्यांची हातोटी ध्रुपदात होती: एकदा ऐकले की जिभेवर बसावे असे पालुपद, त्यामागे थरावर थर चढवलेले आवाज, आणि गिटारच्या गर्जनेलाही घासूनपुसून दिलेली लकाकी. ‘ट्रॅश’च्या दहाही गीतांवर ही झिलई आहे. एरोस्मिथचे स्टीव्हन टायलर आणि जॉन बॉन जोव्ही यांचे आवाजही त्यात ऐकू येतात. ‘पॉयझन’ हे गीत अमेरिकेत सातव्या, तर ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेले. ज्या देशाने सोळा वर्षांपूर्वी या गायकाला दाराबाहेर ठेवण्याची भाषा ऐकली होती, त्याच देशाने आता त्याला मुकाट्याने घरात घेतले.

ही शरणागती होती काय? आपल्याकडे म्हणतात की सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. येथे सोंगानेच पैसा आणला, म्हणून टीकाकारांनी नाके मुरडली. त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. शाळा, मृत्यू, वेड हे जुने विषय मागे पडले आणि त्यांची जागा कामुक प्रेमगीतांनी घेतली. पाच मित्रांच्या ओबडधोबड संगनमताऐवजी कसलेल्या कारागिरांची सफाई आली. विष राहिले, पण ते प्रियेच्या ओठांवरचे, म्हणजे सर्वांना परिचित असलेले विष.

तरीही माझ्या मते या अल्बमचे ऐतिहासिक महत्त्व वेगळे आहे. भय उणे झाल्यावरही हा माणूस उरतो, हे त्याने दाखवून दिले. कूपर यांचा खरखरीत, किंचित उपहासाने भरलेला आवाज त्या झिलईखालूनही ओळखू येतो. ‘ट्रॅश’साठी आलेल्या तरुण श्रोत्यांना त्यानंतरच्या दौऱ्यात नव्या गीतांबरोबर जुनी गाणीही ऐकायला मिळाली, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या जन्मापूर्वीची ती होती. नव्या मालाने जुन्या ठेव्याला गिऱ्हाईक मिळवून दिले.

या कथेचा पुढचा टप्पा अर्थपूर्ण आहे. बक्स्टन १९९७ मध्ये निवर्तले. २०२५ मध्ये ब्रूस, डनवे आणि स्मिथ हे उरलेले तिघे कूपर यांच्यासह पुन्हा एकत्र आले, आणि एझ्रिन यांच्याच देखरेखीखाली त्यांनी नवा अल्बम काढला. सत्त्याहत्तर वर्षांच्या गायकाला भिणारे आता कोणी नव्हते, आणि कोणी भ्यावे अशी गरजही उरली नव्हती. झिलईने मुखवटा टिकवला, एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु त्या मुखवट्याला प्रथम चेहरा मिळाला तो फिनिक्सच्या शाळेतील मित्रांच्या संगतीत, आणि त्याची आठवण व्हायला अर्धे शतक लागले.