डेटनच्या कोर्टाचं अंगण, २० जुलै १९२५

सोमवारची दुपार आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, डेटन गावात मार्केट स्ट्रीटवरून तुम्ही गर्दीबरोबर पुढे सरकताय. उकाड्याने सदरा पाठीला चिकटलाय. पश्चिमेला वॉल्डन रिजची लांबच लांब डोंगररांग, पूर्वेला काही मैलांवर टेनेसी नदी, आणि मधल्या खोऱ्यात हे जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. समोर लाल विटांची, मनोऱ्याची इमारत दिसते, ते रे काउंटीचं कोर्ट.

काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्या-जिल्ह्याच्या मधलं काहीतरी. जमिनीचे दस्त, लग्नाचे परवाने, कर, शेरीफ, खटले या सगळ्यांसाठी इथल्या शेतकऱ्याला याच कचेरीची पायरी चढावी लागते. पूर्वी मुख्य ठिकाण नदीकाठच्या वॉशिंग्टन गावी होतं. रेल्वे डोंगराच्या पायथ्याने गेली, इथे कोळसा आणि लोखंडाचा धंदा उभा राहिला आणि कचेरीही इकडे आली. ही इमारत १८९१ची. आता तो धंदा बसलाय, आणि गावाचं नाव पुन्हा चर्चेत यावं ही इथल्या पुढाऱ्यांची धडपड आहे.

खटला त्या धडपडीतूनच उभा राहिला. मार्चमध्ये राज्याने बटलर कायदा केला. माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला, असं सरकारी शाळेत शिकवणं गुन्हा ठरलं. मे महिन्यात रॉबिन्सन यांच्या औषधाच्या दुकानात बैठक बसली आणि जॉन स्कोप्स हा चोवीस वर्षांचा शिक्षक आरोपी व्हायला राजी झाला. हे रॉबिन्सन म्हणजे रे काउंटीच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष. उत्क्रांतीचा धडा असलेलं जीवशास्त्राचं पुस्तक त्यांच्याच दुकानात विकलं जायचं, आणि ते पुस्तक राज्यानेच मंजूर केलेलं होतं! राज्याने एका हाताने पुस्तक दिलं आणि दुसऱ्या हाताने ते शिकवणाऱ्याला पकडलं. स्कोप्सवर हा सरळसरळ अन्याय आहे.

आज न्यायाधीश रॉल्स्टन यांनी कामकाज वरच्या मजल्यावरच्या दालनातून अंगणात आणलंय. एवढ्या गर्दीचा भार जमिनीला पेलवेल की नाही, याची त्यांना धास्ती वाटली. झाडांखाली लाकडी मंच आहे. तुम्ही रेटारेटी करून अगदी जवळ पोचता. स्कोप्सचे वकील क्लॅरन्स डॅरो कोट काढून, गॅलिसवर उभे आहेत. समोर साक्षीदार म्हणून बसलेत विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले, आणि या खटल्यात सरकार पक्षाचेच वकील. हातातला पंखा हलवत ते डॅरोंच्या बायबलवरच्या प्रश्नांना उत्तरं देतात. योनाला खरंच माशाने गिळलं का? पृथ्वी सहा दिवसांत झाली, ते दिवस चोवीस तासांचेच का? असेलच असं नाही, असं ब्रायन म्हणतात, आणि त्यांच्याच बाजूची माणसं चुळबुळ करू लागतात. शिकागोच्या रेडिओने हा खटला थेट ऐकवायला सुरुवात केली, तेव्हापासून देशाचे कान डेटनकडे लागलेत.

आता जरा ज्युरी शोधा. या गर्दीत ते बारा जण कुठेच दिसणार नाहीत. बहुतेक शेतकरी असलेल्या या माणसांना न्यायाधीशांनी बाहेर ठेवलंय. ज्यांच्या मुलांच्या शाळेचा हा प्रश्न, निकालही ज्यांनी द्यायचा, त्यांनाच त्यातला सर्वांत महत्त्वाचा संवाद ऐकू दिला नाही. मला या खटल्यात सर्वांत जास्त हेच खटकतं. उद्या सकाळी तर ही साक्ष नोंदीतूनही काढली जाईल.

उद्याही इथेच थांबा. अपिलात जाता यावं म्हणून डॅरो स्वतःच दोषी ठरवायला सांगतात, आणि ज्युरी नऊ मिनिटांत तसा निकाल देते. न्यायाधीश १०० डॉलर दंड ठोठावतात. टेनेसीच्या घटनेप्रमाणे ५० डॉलरहून जास्त दंड ज्युरीनेच ठरवायचा असतो. १९२७मध्ये राज्याचं सर्वोच्च न्यायालय एवढ्याच मुद्द्यावर शिक्षा रद्द करतं. कायदा मात्र घटनेला धरूनच आहे, असं सांगतं. तो रद्द व्हायला १९६७ उजाडतं, आणि तोवर या काउंटीतल्या मुलांच्या दोन पिढ्या शाळेतून बाहेर पडलेल्या असतात.