वाटेवरचे खेळ

प्रवासाचा इतिहास लिहिताना विद्वान मंडळी रस्त्यांची लांबी, घाटांची चढण, जकातीची नाकी आणि भाड्याचे दर यांची नोंद करतात. त्या प्रवासात आईच्या कुशीत बसलेले पाच-सहा वर्षांचे मूल वेळ कसे काढीत होते, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. गोडसे भटजींनी १८५७ च्या धामधुमीत केलेला उत्तरेचा प्रवास ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीर्थे आहेत, लढाई आहे, लूटमार आहे. मुलांचा विरंगुळा हा त्या ग्रंथाचा विषय नव्हे. तथापि “गाव कधी येणार?” हा प्रश्न चाकाइतकाच जुना असला पाहिजे, आणि त्याला उत्तर देता देता थकलेल्या वडीलधाऱ्यांनी जे खेळ रचले, त्यांचाही एक इतिहास आहे. तो कागदावर थोडा व तोंडी परंपरेत अधिक सापडतो.

बैलगाडीपासून आरंभ करावा. तासाला दोन-अडीच मैलांच्या गतीने जाणाऱ्या गाडीत तीस मैलांवरचे आजोळ म्हणजे सबंध दिवसाचा, प्रसंगी मुक्कामाचा प्रवास. या गतीचा एक गुण असा, की वाटेवरची प्रत्येक वस्तू मुलाच्या नजरेसमोर पुरेसा वेळ राही. कंटाळलेले पोर खाली उतरून गाडीबरोबर चालू शके, बोरे वेचू शके आणि पुन्हा वर चढू शके. उन्हाळ्यात गाड्या रात्रीच्या निघत. मग गवताच्या बिछान्यावर उताण्या पडलेल्या मुलांना आकाश दाखविले जाई. सप्तर्षींतील चार तारे हे म्हातारीच्या खाटेचे चार खूर आणि उरलेले तिघे ती पळविणारे चोर, ही गोष्ट कित्येकांनी अशा गाडीतच प्रथम ऐकली असेल. त्यानंतर कोडी निघत. कोकणात व गोव्यात त्यांना हुमाणी म्हणतात. कोड्याला साहित्य लागत नाही, उजेड लागत नाही आणि जागाही लागत नाही. विचारणारा एक व ऐकणारा एक, एवढे पुरते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. अंतर २१ मैलांचे होते. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, परशुरामपंत गोडबोले यांनी संपादिलेला ‘नवनीत’ हा जुन्या मराठी कवितेचा वेचा प्रसिद्ध झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. पण प्रवासी मुलांच्या दृष्टीने त्या एकत्र आल्या. आगगाडीत अनेक घरांतील मुले समोरासमोरच्या बाकांवर बसू लागली, आणि शाळेच्या द्वारे मोरोपंतांच्या आर्या व वामनपंडितांचे श्लोक अनेक घरांतील मुलांच्या तोंडी एकच झाले. भेंड्यांच्या खेळाला ही दोन्ही साधने हवीच असतात: दोन पक्ष आणि समाईक पाठांतर. भेंड्या त्यापूर्वीही लावल्या जात. समोरासमोरच्या बाकांनी त्यांना फिरते अंगण मिळवून दिले.

या खेळाने मुलांना व्याकरणाचा एक धडा न शिकविता शिकविला. ‘ण’ आणि ‘ळ’ या अक्षरांनी मराठी शब्दाचा आरंभ होत नाही, हे मुलाला पुस्तकातून कळण्याआधी भेंडी चढल्यामुळे कळे. मग ‘ण’बद्दल ‘न’ आणि ‘ळ’बद्दल ‘ल’ चालेल की नाही, यावर जो वाद होई, त्यात दोन स्थानके सहज निघून जात. गावांच्या नावांची साखळी हाही त्याच जातीचा खेळ. नाशिकनंतर कराड, कराडनंतर डहाणू, आणि डहाणूपाशी खेळ अडतो. कारण पुढे पुन्हा ‘ण’ येतो. सवलत घेऊन ‘न’ने नागपूर म्हणावे, तर ‘र’ येतो. ‘र’ची गावे पुष्कळ दिसतात, पण रत्नागिरी, राजापूर, रावेर, राहुरी ही सारी पुन्हा ‘र’वरच संपतात. महाराष्ट्राबाहेरील मराठी वसाहतींची नावे घेऊन सुटका करून घ्यावी, तर इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर ही नगरेही तोच ‘र’ पुढे करतात. शेवटी कोणाला तरी रोहा आठवतो आणि डब्यात आरोळी उठते. भूगोलाच्या तासाला हा आनंद क्वचितच लाभतो.

बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. मूळ मार्गावर २५ बोगदे होते. बोगदे मोजणे व प्रत्येक बोगद्यात ओरडणे, हे खेळ त्या घाटातल्या मुलांना कोणी शिकवावे लागले नाहीत. घाटात एके ठिकाणी गाडीला दिशा बदलावी लागे, म्हणजे पुढचे मागे आणि मागचे पुढे होई. गाडी पुन्हा घरी तर निघाली नाही ना, अशी शंका मुलाला आली तर नवल नव्हते. १९२९ साली मार्ग बदलून ती व्यवस्था बंद करण्यात आली. रुळांच्या कडेचे तारेचे खांब हे आणखी एक साधन. ज्याला शंभरापर्यंत आकडे येत, तो ते मोजी. ज्याला येत नसत, तो मोजता मोजता शिके.

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला, आणि पुढे श्लोकांच्या भेंड्यांत चित्रपटगीते शिरली. १९५७ साली विविध भारती सुरू झाल्यावर ती घरोघर पोहोचली. जुन्या मंडळींना हा ऱ्हास वाटला. परंतु त्यायोगे एक गोष्ट घडली: नागपूर, इंदूर वा दिल्लीच्या गाडीत मराठी मुलाला शेजारच्या हिंदी वा गुजराती मुलाबरोबर खेळता येऊ लागले. आर्या एका भाषेपुरती होती. चित्रपटगीत साऱ्या डब्याचे होते.

रस्त्यावरचे खेळ निराळे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. पुढे खेडोपाडी मुले या गाड्यांतून आजोळी जाऊ लागली. त्यांचे क्रमिक पुस्तक म्हणजे कडेचा दगड: राष्ट्रीय महामार्गाचा माथ्यावर पिवळा, राज्यमार्गाचा हिरवा. त्यावरील गावाचे नाव धावत्या गाडीतून पुरे वाचणे ही लहान मुलाच्या दृष्टीने मोठीच परीक्षा असे. १९८३ अखेर मारुती ८०० आली व मध्यमवर्गाच्या हाती स्वतःची मोटार पडू लागली. १९८९ च्या नियमांनुसार वाहनांवर राज्याची अक्षरे व कचेरीचा क्रमांक आला, तेव्हा त्यातूनही खेळ निघाला. एम. एच. १२ म्हणजे पुणे, ०९ म्हणजे कोल्हापूर, ३१ म्हणजे नागपूर, एम. पी. ०९ दिसली की इंदूरचे पाहुणे. पुढून येणाऱ्या अनोळखी मोटारीलाही त्यामुळे गाव मिळे.

हे सर्व रम्य होते असे मात्र नव्हे. खिडकीबाहेर डोकावणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत इंजिनाच्या कोळशाचा कण जाई. घाटाच्या वळणांवर आवळासुपारी व आल्याचा तुकडा देऊनही पोरे ओकत. मुलाला रमविणे अशक्य झाले, की त्याला निपचित पाडण्याचा मोह मोठ्यांना पूर्वीही होत असे. घरातही तो होत असे. अफूच्या प्रश्नाच्या चौकशीसाठी १८९३ साली नेमलेल्या राजकीय आयोगापुढे तान्ह्या मुलांना अफू देण्याच्या चालीविषयी साक्षी झाल्या. मुंबईच्या गिरणीत कामास जाणारी आई मुलाला अफू घातलेली बाळगोळी देई, ती क्रूरपणाने नव्हे. मूल सांभाळण्यास दुसरे कोणी नव्हते म्हणून. मुलाला रमविणे आणि मुलाला गप्प करणे यांतील अंतर तेव्हाही हात मोकळे असण्या-नसण्याचेच होते.

आज तो मोह हातातल्या पडद्याच्या रूपाने येतो. पडदा म्हणजे अफू, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकटी आई वा एकटा बाप मोटार हाकीत असेल, तर मागे बसलेल्या दोन मुलांशी सहा तास भेंड्या खेळणे त्याला शक्यही नाही व सुरक्षितही नाही. तरी एक भेद ध्यानात घ्यावा. कोडे, भेंडी, दगड, बोगदा हे सर्व खेळ वाटेतून किंवा सोबतीतून जन्मले होते; पडद्याला वाटही लागत नाही आणि सोबतही लागत नाही. शरीरालाही हा भेद कळतो. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय हालचाल सांगते आणि पडद्यावर खिळलेला डोळा ती नाकारतो, म्हणून मळमळ वाढते. दूरच्या डोंगराकडे पाहणाऱ्याला त्रास कमी होतो.

वाटही पूर्वीची राहिलेली नाही, हे खरे. २००२ साली पुरा झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग गावांना बाजूला ठेवून जातो. २०२१ पासून काही मोटारींवर गावाचा पत्ता न सांगणारी ‘बी. एच.’ ही अखिल भारतीय अक्षरे आली. अशी मोटार दिसताच क्रमांकांचा जुना खेळ थांबतो. पण खेळ रचणारी मुले थांबत नाहीत. ती तिला कोणते गाव द्यायचे, हे आपसांत ठरवू शकतात. त्यांना लागतो तो एक ऐकणारा माणूस, आणि तो सहा तास नव्हे, अधूनमधून लाभला तरी पुरतो.

१९९८ पासून पुरा खुला झालेल्या कोकण रेल्वेच्या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. त्यांतील रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. बोरघाटाच्या हिशेबाने ओरडू लागलेले मूल त्यात मध्येच दमते, आजूबाजूला पाहते आणि अंधारात आजीला विचारते, “अजून किती?” आजीलाही ते ठाऊक नसते. मग दोघे मिळून आकडे मोजू लागतात.