विकासाच्या आराखड्यात नदीचे स्थान : बडोद्याच्या विश्वामित्रीचा धडा

बडोदे रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस अलकापुरी ही जुनी, प्रतिष्ठित वसाहत आहे. बँका, हॉटेले, दवाखाने आणि मोठ्या दुकानांनी गजबजलेला हा परिसर स्थानकाच्या पूर्वेकडील सयाजीगंजशी लोहमार्गाखालील भुयारी मार्गाने जोडलेला आहे. स्थानिक लोक या मार्गाला ‘अलकापुरी गरनाळे’ म्हणतात. पावसाचा जोर वाढला की गरनाळ्यात पाणी साचते, वाहतूक थांबवावी लागते आणि सारा भार जेतलपूरसह अन्य पुलांवर पडतो. शहरातील महागड्या जमिनींत गणला जाणारा हा भाग दर पावसाळ्यात असा अडून पडतो. त्याचे कारण केवळ गटारांच्या क्षमतेत नसून शहराच्या विकासाचे नियोजन करताना पाण्याच्या वाटेला कोणते स्थान दिले गेले, या प्रश्नात आहे.

संकल्पना काय आहे?

पर्यावरणाचे धोरण वेगळ्या खात्याकडे सोपवून अर्थव्यवहार आपल्या मार्गाने चालू ठेवायचा, ही पद्धत जगभर रूढ होती. तिला पर्याय म्हणून युरोपात ‘पर्यावरणीय एकात्मीकरणा’चा विचार पुढे आला. शेती, वाहतूक, ऊर्जा, अर्थसंकल्प अशा प्रत्येक धोरणाची आखणी होत असतानाच त्यात पर्यावरणाचा हिशेब धरावा, असा त्याचा आशय आहे. १९९७ च्या ॲमस्टरडॅम कराराने या तत्त्वाला युरोपीय संघाच्या मूलभूत तरतुदींत स्थान दिले. जून १९९८ मध्ये कार्डिफ येथील शिखर बैठकीत निरनिराळ्या खात्यांच्या मंत्रिपरिषदांना आपापल्या क्षेत्रासाठी तशी धोरणे आखण्यास सांगण्यात आले.

आर्थिक वाढीला वाहिलेल्या २००० च्या लिस्बन कार्यक्रमाला २००१ मध्ये गोथेनबर्ग येथे पर्यावरणाची जोड देण्यात आली. २०११ पासून सदस्य देशांचे अर्थसंकल्प व आर्थिक सुधारणा यांचा दरवर्षी सामाईक आढावा घेतला जाऊ लागला. ‘युरोपियन सेमिस्टर’ या नावाने ओळखली जाणारी ही प्रक्रिया मुख्यतः वित्तीय शिस्तीसाठी होती. डिसेंबर २०१९ मधील ‘युरोपीय हरित करारा’नंतर तिच्यात पर्यावरणाचा भाग अधिक ठळक झाला. महासाथीनंतरच्या पुनरुज्जीवन निधीत प्रत्येक देशाच्या योजनेतील किमान ३७ टक्के खर्च हवामानविषयक उद्दिष्टांसाठी असावा आणि कोणत्याही कामाने पर्यावरणाची लक्षणीय हानी होऊ नये, अशा अटी घालण्यात आल्या. पर्यावरणाची अट परवान्याच्या टप्प्यावरून निधीवाटपाच्या टप्प्यावर आली, हा यातील महत्त्वाचा बदल होय.

बडोद्यातील पूर्वपीठिका

या विचाराशी बडोद्याचा इतिहास अपरिचित नाही. अलकापुरीतील आर. सी. दत्त मार्ग ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते रमेशचंद्र दत्त हे अर्थेतिहासकार होते. ते १९०४ पासून बडोदे संस्थानात महसूलमंत्री आणि १९०९ मध्ये दिवाण होते. दुष्काळाचे खापर केवळ अवर्षणावर न फोडता जमीन महसुलाच्या बोजाकडेही पाहिले पाहिजे, असे त्यांनी आग्रहाने मांडले. निसर्गाच्या आपत्तीत राज्यकर्त्यांच्या आर्थिक निर्णयांचा वाटा शोधण्याची ही दृष्टी आजही उपयोगी पडते.

त्यापूर्वीच महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकीर्दीत आजवा येथे जलाशय बांधण्यात आला. १८९२ मध्ये पूर्ण झालेला हा ‘सयाजी सरोवर’ प्रकल्प आजही शहराच्या पाणीपुरवठ्याचा एक आधार आहे. मात्र आजवा व प्रतापपुरा या जलाशयांतून सोडलेले जादा पाणी ज्या विश्वामित्रीतून वाहून जाते, ती नदी शहराच्या मध्यातून जाते. पावागडच्या परिसरात उगम पावणारी ही नदी पुढे ढाढर नदीस मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. तिच्या काठच्या खोल घळी, सखल पाणथळ जागा आणि ‘कांस’ या नावाने ओळखले जाणारे भूखी, रूपारेल, मसिया हे नैसर्गिक ओढे मिळून शहराची मूळ जलनिःसारण व्यवस्था बनते. घळींत पाणी पसरते, थोपते आणि सावकाश ओसरते.

वाढ आधी, उपाय नंतर

स्वातंत्र्योत्तर काळात बडोद्याची वाढ झपाट्याने झाली. १९६० च्या दशकात कोयली येथे तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला, खत व पेट्रोरसायन उद्योग आले. त्यांचे सांडपाणी समुद्राच्या दिशेने नेणारा पन्नासहून अधिक किलोमीटर लांबीचा कालवा १९८३ मध्ये कार्यान्वित झाला. कारखाने आणि त्यांच्या सांडपाण्याची सामाईक व्यवस्था यांत दीड-दोन दशकांचे अंतर राहिले.

नगररचनेतही हाच क्रम दिसतो. गुजरातमध्ये जमीनमालकांचे भूखंड एकत्र करून, रस्ते व सार्वजनिक सोयींसाठी काही हिस्सा कापून, उरलेली जमीन नव्या आखणीसह परत देण्याची नगररचना योजनेची पद्धत रूढ आहे. रस्त्यांसाठी ती परिणामकारक ठरली. परंतु ओढ्याला वाहण्यापुरती नव्हे, तर पसरण्यापुरती जागा राखणे हा या आखणीचा पाया झाला नाही. कांस अरुंद झाले, काही ठिकाणी झाकले गेले. घळींत बांधकामाचा राडारोडा पडला आणि पूरक्षेत्रात इमारती आल्या.

विश्वामित्रीच्या काठी साबरमतीच्या धर्तीवर नदीकाठ विकसित करण्याचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला, तेव्हा हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे येथील खंडपीठापुढे गेले. २५ मे २०२१ रोजी लवादाने दिलेल्या निकालात नदीच्या पूरक्षेत्राचे सीमांकन, अतिक्रमणांस प्रतिबंध, सांडपाण्याचे नियंत्रण आणि घळींसह नदीच्या नैसर्गिक रूपाचे जतन करण्यावर भर देण्यात आला. प्रकल्प आखताना जे प्रश्न विचारायला हवे होते, ते न्यायासनापुढे विचारले गेले.

किंमत कोणी मोजली?

३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीची पातळी २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली. शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि बचावकार्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. या हानीचा बोजा घरमालक, दुकानदार, भाडेकरू आणि हातावर पोट असणाऱ्यांनी उचलला. नदीकाठच्या बांधकामातून झालेला लाभ ज्यांच्या पदरात पडला आणि पुराचे नुकसान ज्यांनी सोसले, ते लोक एकच नव्हते.

पुरानंतर राज्य सरकारने सुमारे १,२०० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये नदीचे पात्र रुंद व खोल करण्याचे काम सुरू झाले. त्यातूनही नवा पेच उभा राहिला. विश्वामित्रीत गोड्या पाण्यातील मगरींची मोठी वसती आहे. २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या चारशेहून अधिक आढळली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील ही मगर उन्हाळ्याच्या तोंडावर काठाच्या मातीत अंडी घालते, आणि पावसाळ्यापूर्वी खोदकामासाठी मिळणारा काळही तोच. उशिरा केलेल्या उपायाला निवडीची मोकळीक कमी असते, ती अशी.

भारतातील वित्तीय वाट

युरोपासारखी सामाईक आढावा पद्धत भारतात नाही, तरी निधीवाटपाच्या सूत्रातून पर्यावरण अर्थकारणात शिरू लागले आहे. केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ठरवताना चौदाव्या वित्त आयोगाने वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला. पंधराव्या आयोगाने वने व परिसंस्था यांसाठी तो १० टक्के केला. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांच्या अनुदानाचा काही भाग हवेच्या गुणवत्तेशी जोडण्यात आला. बडोदेही या शहरांत मोडते. पूरक्षेत्र मोकळे राखणाऱ्या शहराला मात्र अशा सूत्रातून थेट लाभ मिळत नाही, तर तेथे बांधकामाला परवानगी दिल्यास शुल्क व मालमत्ता करातून महापालिकेचे उत्पन्न वाढते. नदीच्या विरोधात जाणारे प्रोत्साहन असे हिशेबातच दडलेले असते.

गोव्याच्या दृष्टीने

गोव्याला हा प्रश्न परका नाही. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या उत्खननावर वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले. पर्यावरणाचा विचार थेट जमाखर्चात आणणारा हा निर्णय होता, पण तोही खाणी बंद पडल्यानंतर आला. प्रादेशिक आराखडा २०११ तर जनआंदोलनामुळे २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. खाजन जमिनी, मानशी आणि बांध ही गोव्याची स्वतःची पाणी सामावून घेणारी व्यवस्था आहे. अलकापुरीचे गरनाळे जे सांगते, ते पणजीच्या सखल भागांनाही लागू पडते. पाण्यासाठी राखलेली जागा आराखड्यात ‘रिकामी’ दिसते, म्हणून ती प्रथम विकली जाते. तिचे मोल अर्थसंकल्पात मांडले गेले, तरच ती नकाशावर टिकेल.