सरहद्द पुसली तेव्हा

निर्वासित म्हटले की आपल्याला वाघा आठवतो, उल्हासनगर आठवते. पण 1948 साली आपली सरहद्द नळदुर्गच्या अलीकडेच होती. इकडे मुंबई इलाखा, पलीकडे निजामाचे राज्य. कासीम रझवीच्या रझाकारांनी छळ मांडला, तेव्हा मराठवाड्यातली हिंदू कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे आली. त्यांना आसरा मिळाला, तो मिळायलाच हवा होता.

13 सप्टेंबरला सोलापूरहून लष्कर निघाले. पाच दिवसांत निजामाची फौज शरण आली. मग उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेडात रझाकारांचा सूड साध्या मुसलमानांवर निघाला. वाचलेले अनेकजण हैदराबाद शहराकडे पळाले. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला धाडले. मृतांचा त्यांचा अंदाज 27 ते 40 हजार. सरकारने अहवाल छापला नाही. 2013 साली तो दिल्लीत अभ्यासकांना खुला झाल्याची बातमी आली.

तिजोरी रिकामी होती, असे सरकार म्हणू शकते. पण अहवाल छापायला कितीसा खर्च येतो? मी कवी माणूस, शब्दापाशी अडतो. ‘निर्वासित’ हा शब्द या दुसऱ्या लोकांसाठी वापरलेला मी आमच्या गावात क्वचितच ऐकला. कायद्यानेही ते निर्वासित नव्हतेच. ओलांडायला सरहद्द उरली नव्हती.