फिलिपीन गरुड

फिलिपाइन्समधील वर्षावनात राहणारा प्रचंड शिकारी पक्षी. शास्त्रीय नाव पिथेकोफागा जेफरी. लुझॉन, समार, लेटे आणि मिंडानाओ ही चार बेटे सोडली तर तो जगात कुठेही नाही. लांबी सुमारे 1 मी.; मादी नरापेक्षा मोठी, वजन 8 किग्रॅ.पर्यंत. पाठ तपकिरी, पोट पांढरे, डोळे निळसर करडे. चाहूल लागली की डोक्यामागची लांब पिसे ताठ उभी राहतात. समोरून पाहावे तर चेहऱ्याभोवती आयाळ फुलल्यासारखी दिसते.

1896 मध्ये जॉन व्हाइटहेड या इंग्रज संशोधकाने समार बेटावरून याचा नमुना मिळवला. नावातला ‘जेफरी’ म्हणजे त्याचे वडील. हा माकडे खातो असे तिथल्या लोकांनी सांगितल्यावरून त्याला ‘माकडखाऊ गरुड’ म्हणू लागले. ते नाव अन्यायाचेच होते. मिंडानाओत त्याचे मुख्य भक्ष्य रात्री झाडाझाडांतून तरंगत जाणारा कागवांग (उडता लेमूर) हा प्राणी आहे. खारी, उदमांजरे, साप, धनेशही तो मारतो. 1978 मध्ये नाव अधिकृतपणे बदलले. 1995 पासून हा राष्ट्रीय पक्षी आहे. दिसायला तो अमेरिकेतल्या हार्पी गरुडासारखा. जनुकीय अभ्यासातून मात्र त्याचे नाते सर्पगरुडांशी जुळले. सह्याद्रीवर शीळ घालत घिरट्या घालणारा तुरेवाला सर्पगरुड त्याच गोतातला.

उंच झाडावरच्या घरट्यात मादी एकच अंडे घालते. नर-मादी आळीपाळीने सुमारे दोन महिने ते उबवतात. पिलू उडू लागले तरी दीड वर्षाचे होईपर्यंत आईबापांच्याच जिवावर असते, म्हणून जोडीची वीण दोन वर्षांतून एकदा. एक गरुड गोळीला बळी पडला, तर ती जागा भरून यायला वर्षे लागतात. शिवाय एकेका जोडीला हजारो हेक्टर रान लागते आणि ते रान तोडले जात आहे. जाती अतिसंकटग्रस्त आहे.

दावाओ येथील या गरुडांच्या संवर्धन केंद्रात 15 जानेवारी 1992 रोजी कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्मले. त्याचे नाव ‘पाग-आसा’, म्हणजे आशा. माणसांच्या हातावर वाढल्याने तो सांभाळणाऱ्यालाच जोडीदार समजे. त्याचे वीर्य मिळावे म्हणून त्या माणसाने वर्षानुवर्षे त्याच्याशी जोडीदारासारखे वागून त्याची मर्जी राखली. 2013 मध्ये पाग-आसाला पिलू झाले. 2021 च्या जानेवारीत, वयाच्या 28 व्या वर्षी तो गेला.